रेटा

करंजुळ्यात परक्या माणसानं समुद्र कुठे आहे असं विचारलं, तर गावकरी पश्चिमेकडे बोट दाखवत नाहीत, हात वर करतात. त्यात थोडी चेष्टा असते आणि बरंचसं खरं असतं. समुद्र वर्षानुवर्षं चढत गेला आणि गाव होतं तिथेच राहिलं. आता उधाणाच्या भरतीला बांधापलीकडचं पाणी शाळेच्या खिडक्यांच्या उंचीवर असतं. बांधाला तोंड एकच, खाडीचं. ते बुजवता येत नाही, कारण नदीला बाहेर पडायचं असतं आणि होड्यांना ये-जा करायची असते. त्या तोंडावर ‘रेटा’ बसवलेला आहे. सरकारी पाटीवर त्याचं भलंमोठं नाव आहे, पण पाटी रंगवणाऱ्यानंतर ते कुणी पूर्ण वाचलं असेल असं वाटत नाही.

रेट्याला दरवाजे नाहीत, पंखे नाहीत, फिरणारं असं काहीच नाही. तत्त्व शाळेतलंच आहे. चुंबकाजवळ धरलेल्या तारेतून वीजधारा सोडली की तार एका बाजूला ढकलली जाते. घरातला पंखा याच ढकलण्यावर फिरतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, म्हणून त्यातून वीज वाहते. मग तार हवी कशाला? खाडीच्या तोंडाशी काँक्रीटचा रुंद पाट बांधला, त्याच्या तळात हेलियमनं गारठवलेले प्रचंड चुंबक बसवले आणि दोन्ही भिंतींवर धातूचे पत्रे लावले. एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे धारा गेली की पाणीच तार होतं, आणि सगळंच्या सगळं समुद्राकडे सरकू लागतं. आवाज होत नाही. गावावर ब्लीचिंग पावडरचा वास तेवढा पसरतो, कारण विजेमुळे मिठातला क्लोरीन सुटतो. करंजुळ्यात वाळत घातलेल्या साड्यांचे रंग लवकर उडतात. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. साडी पुन्हा घेता येते.

हा रेटा उभारला जयवंत मयेकरांनी, आणि आज तो सांभाळते त्यांची मुलगी ओवी.

ओवी जन्माची डावखुरी. तिच्या आईला ते अजिबात खपत नसे. घास उजव्या हातानं, प्रसाद उजव्या हातानं, आणि वहीवर पेन्सिल डाव्या हातात दिसली की पाठीत धपाटा. बाबा त्यात पडायचे नाहीत. पण एका संध्याकाळी त्यांनी मुलीला पायरीवर शेजारी बसवलं आणि म्हणाले, “एका जागी उजवा हात चालतच नाही, माहीत आहे?” मग त्यांनी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांशी काटकोनात उभी केली. “ही तर्जनी म्हणजे चुंबकाचं क्षेत्र. मधलं बोट म्हणजे धारा. आणि अंगठा सांगतो, रेटा कुठे बसणार ते. हेच उजव्या हातानं केलंस तर अंगठा बरोब्बर उलटा जाईल.” आपल्या हातात वावगं काही नाही, हे त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बापावर तिचा असा जीव जडला की पुढे त्यांच्या कुठल्याही गोष्टीवर तिनं कधी शंका म्हणून घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

रेटा पहिल्यांदा सुरू होणार होता, त्याच्या आदल्या दिवशी चुंबकांची पूजा होती. समया पेटल्या होत्या, चुंबकांच्या वेष्टनावर हळदकुंकू होतं, झेंडूच्या माळा होत्या. यंत्रं गणित कितीही अचूक करोत, दिशांची पहिली खूण माणसानंच द्यावी लागते, आणि ती बाबा द्यायचे. शेवटची खात्री बोटांनी करायची, ही त्यांची जुनी सवय. गुरुजी मंत्र म्हणत होते. देवासमोर डावा हात पुढे करायचा नाही, हे बाबांच्या अंगात इतकं मुरलेलं की त्यांनी उजवा हात उचलला, तीन बोटं उभी केली आणि चुंबकाची दिशा सांगितली. आधीच गारठवून ठेवलेल्या चुंबकात त्या शब्दावर वीज भरली गेली आणि जोडण्या कायमच्या सीलबंद झाल्या. ओवी तिथेच प्रसादाचं ताट धरून उभी होती. बाबा गुरुजींना काहीतरी समजावत असतील, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी, भिंतींवरच्या पत्र्यांचं काम तिच्याकडे होतं म्हणून, तिनं एकटीनंच पाटात थोडी धारा सोडून पाहिली. कुणीतरी पूजेचं निर्माल्य पाण्यात टाकलेलं होतं. झेंडूच्या माळा जागच्या हलल्या, वळल्या, आणि संथपणे गावाकडे निघाल्या.

ओवीला पूजेतला बाबांचा उजवा हात आठवला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. बाबांचा सत्कार होता, आणि महिन्याअखेरीस ते निवृत्त होणार होते. चुंबक फिरवायचा म्हणजे तो उबेला आणायचा, सील फोडून जोडण्या बदलायच्या, पुन्हा गारठवायचा; आठवडे गेले असते, आणि सगळ्या जगाला कळलं असतं की मयेकरसाहेबांनी शाळकरी चूक केली. बाबांकडे जाऊन ‘तुमचं चुकलं’ असं म्हणायला तिची जीभ उचलेना. घरात त्यांना अहो-जाहो करायची पद्धत होती. चूक दाखवायची पद्धतच नव्हती. आणि तिला दुसरी वाट दिसत होती. क्षेत्र उलटलं की रेटा उलटतो. धारा उलटली तरी रेटा उलटतो. पण दोन्ही उलटली, तर रेटा जिथे हवा तिथेच राहतो.

पाटाच्या भिंतीच्या पोटात, जिना उतरून गेलं की, पट्ट्यांची खोली आहे. तिथून दोन जाड तांब्याच्या पट्ट्या भिंतींवरच्या पत्र्यांकडे जातात. ओवीनं पितळी पाना घेतला, कारण चुंबकाजवळ लोखंडी हत्यार चालत नाही, आणि त्या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. वर येऊन पुन्हा धारा सोडली. झेंडूच्या माळा शहाण्यासारख्या समुद्राकडे गेल्या. तिनं याबद्दल कुणाकडे ब्र काढला नाही. अकरा वर्षं रेटा दोन चुकांच्या जोरावर बिनचूक चालला.

यंदा चुंबक बंद करून दुरुस्त करणं भाग होतं. साध्या भरत्यांपुरता गावालगतचा जुना बांध पुरेसा होता. काम पितृपक्षात काढलं, कारण त्या दिवसांत गावात लग्न नाही, मुंज नाही, होड्यांची वर्दळही कमी. जुने चुंबक माहीत असलेला माणूस एकच उरला होता, म्हणून बाबांना सल्लागार बोलावलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. एकाकी घरात म्हातारा कंटाळला होता. पांढरी टोपी घालून ते रोज तळात उतरत, आणि संध्याकाळी ओवीबरोबर घरी येऊन गप्प जेवत. अधूनमधून ते तिच्याकडे टक लावून बघतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. आईची आठवण येत असेल, असं तिनं धरलं.

हेलियम उशिरा आला आणि काम लांबलं. चुंबक पुन्हा उभा राहिला तो सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी. अमावास्येला भर दुपारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येणार होतं, आणि त्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालेला. चाचणीला वेळच नव्हता. आणि पितृपक्षात कसली पूजा? ना नारळ, ना झेंडू. पाण्यावर फूल म्हणून तरंगत नव्हतं.

अमावास्येच्या सकाळी ओवी शेवटची पाहणी करायला पट्ट्यांच्या खोलीत उतरली आणि थबकली. पट्ट्या सरळ होत्या. भिंतीवर जशा खुणा रंगवलेल्या होत्या, तंतोतंत तशा. ठेकेदाराच्या माणसांनी साफसफाई करताना खुणा बघून लावलेल्या दिसतात, आगाऊपणा नुसता! अशा लावल्या तर सगळा समुद्र गावात येईल. त्यांना बोलावून विचारायचं म्हणजे खुणेपेक्षा वेगळं का हवं, हे सांगावं लागणार, आणि मग बाबांचं नाव आलंच. तिनं पितळी पाना काढला आणि पट्ट्या पुन्हा उलट्या लावल्या. बाहेर पडून दार ओढलं तर ते लागेना. बिजागरं गंजली होती, दार आत उघडणारं, बाहेरून धरायला नुसती कडी. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठे लागलं. पुढच्या आठवड्यात हे दार बदलून घ्यायचं, असं तिनं ठरवलं.

नियंत्रण कक्षात तिघंच होती. बाकीची माणसं घरी पानावर बसायला गेली होती. गावभर गच्च्यांवर आणि पत्र्यांवर कावळ्यांसाठी वाढून ठेवलेलं होतं. पॅनलवर फिरोज मुकादम होता, ओवीच्या हाताखालचा, बोलका आणि कामाचा माणूस. मागे खुर्चीत बाबा चहा घेत बसले होते. भरती चढू लागली तशी ओवीनं धारा सोडली.

“घेतलं,” फिरोज म्हणाला. “पण मॅडम, पाणी आतच येतंय.”

“भरतीच मोठी आहे. वाढव.”

त्यानं वाढवली. खाडीतली मोजपट्टी खिडकीतून दिसत होती. तिच्यावर एक तांबडा पट्टा आहे. पाणी तिथवर पोचलं की गावालगतचा मातीचा जुना बांध भिजून बसतो, आणि त्याच्या पलीकडे घरंच आहेत.

“अजून येतंय,” फिरोज म्हणाला. “असा जोर आपण आत्तापर्यंत नाय बघितला हां.”

“कमी दाबाचा पट्टा आहे ना,” मागून बाबा म्हणाले. “घाबरू नका. पूर्ण धारा द्या.”

पूर्ण धारा दिली. पाटातलं पाणी गुळगुळीत झालं आणि नदीच्या पुरासारखं आत धावू लागलं. क्लोरीनचा वास खोलीत भरला. तेवढ्यात रोहित्र तापलं आणि यंत्रानं आपण होऊन धारा निम्म्यावर आणली. आता बुडालो, असं वाटून ओवी मोजपट्टीकडे वळली, आणि बघत राहिली. पाण्याचा वेगही निम्म्यावर आला होता.

कमी रेटल्यावर पाणी कमी येत होतं.

“बंद कर!” ती ओरडली. “फिरोज, सगळं बंद कर!”

बाबांनी कप खाली ठेवला. ते उठून उभे राहिले होते. “ओवी, पट्ट्यांना हात लावलास?”

तिनं मान डोलावली.

“कधी?”

“सकाळी. कुणीतरी सरळ लावल्या होत्या, म्हणून मी…”

“मी लावल्या होत्या.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “चुंबकात थोडी वीज सोडली तेव्हा होकायंत्र धरून बघितलं. काटा उलटा फिरला. अकरा वर्षं माझा चुंबक उलटा होता, ओवी. मग पाणी बाहेर कसं जात होतं, तेही कळलं. आधी चुंबक सरळ केला. मग काल पट्ट्या सरळ केल्या. तुझ्या नजरेला पडायच्या आत गुपचूप सगळं मार्गी लावावं म्हटलं. लाज वाटली गं.”

म्हणजे बाबांनी दोन्ही चुका सुधारल्या होत्या, आणि ओवीनं त्यातली एक पुन्हा करून ठेवली होती. एकाच घरात, एकाच ताटातली कोशिंबीर एकमेकांना वाढत, दोघं पंधरा दिवस गप्प बसली होती.

“तुला कळलं होतं? तेव्हा?” बाबांनी विचारलं.

“त्याच संध्याकाळी.”

“बोलली नाहीस.”

“तुमचा सत्कार होता, बाबा.”

खिडकीबाहेर, धारा बंद असूनही, भरती चढतच होती. शिखर गाठायला तिला अजून बराच अवकाश होता आणि तांबडा पट्टा जवळ आला होता. पुरवठ्याचं यंत्र एकाच दिशेनं धारा देणारं, चुंबक फिरवायला आठवडे लागणार. हातात होत्या त्या फक्त पट्ट्या.

“फिरोज, भोंगा लाव आणि गाडी घेऊन गावात जा,” बाबा म्हणाले. “बांधाजवळच्या आळीला शाळेच्या माडीवर चढव. जेवती असतील, ओढून उठव.”

फिरोज पळाला.

“पट्ट्या मी बदलते,” ओवी म्हणाली.

“हे नवं पॅनल मला येत नाही. ते तुझं. पट्ट्या मला येतात.” आणि तिनं तोंड उघडलेलं बघून ते लहानपणीच्या आवाजात म्हणाले, “ओवी. बस खाली.”

ती बसली. चाळिशीला आलेली, एका केंद्राची प्रमुख बाई, बापानं बस म्हटल्यावर बसली.

चुंबकाजवळ मोबाइल चालत नाहीत, म्हणून तिथे जुने तारेचे फोन आहेत: एक पट्ट्यांच्या खोलीत, एक जिन्याच्या वरच्या टोकाला. कुठला उचलला ते पॅनलवर दोन छोट्या दिव्यांनी कळतं. थोड्या वेळानं फोन वाजला.

“खोलीत पाणी येतंय,” बाबा म्हणाले. “तारांच्या नळ्यांतून. आतली पातळी एवढी वाढेल असं मी धरलं नव्हतं. तीही माझीच चूक म्हण.”

“वर या! बाबा, वर या, मी येते.”

“एक पट्टी सुटली आहे. तू आलीस तर धारा कोण सोडणार?”

फोन ठेवल्याचा आवाज आला. भोंगा वाजत होता. मोजपट्टीवर तांबडा पट्टा एक वीतभर उरला होता, आणि बांधावरून माणसं धावताना दिसत होती, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात तसाच धरलेला जेवणाचा डबा. ओवीनं पॅनलवर सगळं तयार ठेवलं. एकच गोष्ट बाकी होती. पट्ट्यांच्या खोलीचं दार बंद झाल्याशिवाय रेटा सुरूच होत नाही. मिठाच्या पाण्यात उघड्या पट्ट्या असताना माणूस आत राहू नये, म्हणून ही सोय बाबांनीच केलेली. दार उघडं असल्याचा लाल चौकोन पडद्यावर तसाच होता. ती त्याच्याकडे डोळे लावून बसली.

पाणी तांबड्या पट्ट्याला टेकलं. बांधाच्या एका कोपऱ्यातून मातीचा लोंढा खाली घसरला.

मग लाल चौकोन हिरवा झाला. दार लागलं. लगेच फोन वाजला आणि तिनं तो झडप घालून उचलला.

“झालं,” बाबा म्हणाले. त्यांना दम लागला होता. “दोन्ही घट्ट आहेत. सोड धारा.”

“तुम्ही बाहेर आलात ना?”

“आलो ना. जिन्यावर आहे.”

“दार लागलं तुमच्याच्यानं? मला सकाळी…”

“लागलं गं. ओवी, तीन बोटं धरून बघ एकदा. डाव्या हाताची.”

तिनं धरली. तर्जनी, मधलं बोट. अंगठा समुद्राकडे होता.

“बरोबर आहे, बाबा.”

“मग सोड.”

बाबांनी सांगितलं आणि तिनं धारा सोडली.

पाटातलं पाणी क्षणभर जागच्या जागी थरथरलं. मग त्याच्यावर वळ्या उठल्या आणि ते मागे सरलं. तिनं धारा वाढवली. पाणी आणखी सरलं. पळापळीत बांधावरून पाण्यात पडलेलं सगळं आता समुद्राकडे निघालं होतं: केळीची पानं, चपला, कुणाच्या तरी पितरांसाठी वाढलेला भात. तांबडा पट्टा उघडा पडला. मोबाइल वाजला, पलीकडे फिरोज रडतही होता आणि हसतही होता. “थांबला मॅडम, बांध थांबला! उतरतंय पाणी! सगळी माडीवर आहेत, एक माणूस गेला नाय! साहेबांना सांगा!”

“सांगते,” ओवी म्हणाली.

ती वळून दाराकडे बघत राहिली. जिना काही फार उंच नाही. या वयात गुडघे दुखतात त्यांचे, दर वळणावर थांबतात. तिनं मनातल्या मनात त्यांना एकेक पायरी चढवली. बाबा आले की आधी काय म्हणायचं, तेही ठरवलं. यापुढे घरात सगळं बोलायचं, चुकलं तर चुकलं म्हणायचं. मग तिला सकाळचं दार आठवलं. खोलीत पाणी नव्हतं तेव्हाही ते बाहेरून दोन्ही हातांनी ओढावं लागलं होतं. कमरेएवढ्या पाण्याविरुद्ध म्हाताऱ्या माणसाला ते बाहेरून ओढता येणं शक्य नव्हतं. ते फक्त आतून, पाठ लावून रेटता आलं असतं.

तेव्हा तिनं पॅनलवरच्या त्या दोन छोट्या दिव्यांकडे पहिल्यांदा पाहिलं. फोन आला तेव्हाच बघता आले असते. बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बाबांनी जिन्यावर आहे म्हटलं होतं.

जिन्याचा दिवा विझलेला होता. खालचा अजून पेटलेला होता, कारण फोन कुणी परत जागेवर ठेवला नव्हता.